चोरीची फांदी

मिस्त्रींनी चाळीस वर्षं नळाची कामं केली. खरं सांगायचं तर चाळीस वर्षं एकच काम केलं: जिथे पाणी गळत असेल तिथे ते गळायचं थांबवलं. हाताला ती सवय अशी जडली होती की पाहुणे म्हणून कुणाकडे गेले तरी आधी मोरीतला नळ बघायचे आणि मग माणसांची विचारपूस करायचे. बायको म्हणायची, "आमच्या घरचा नळ ठिबकत होता म्हणून माझं लग्न झालं." त्यात थोडं तथ्यही होतं.

म्हणून पुढे जे झालं, ते दुसऱ्या कुणाच्या हातून झालंच नसतं.

बायको जाऊन सात महिने झाले होते. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत मिस्त्री एकटे. स्वयंपाकघराच्या खिडकीत तिचं एक झाड होतं, जुन्या ॲल्युमिनियमच्या किटलीत लावलेलं. त्याचं नाव मिस्त्रींना ठाऊक नव्हतं. पानं कुरळ्या कडांची, आणि हात लावला की लिंबासारखा वास यायचा. कांदा चिरून झाला की बायको एक पान बोटांत चुरडायची आणि म्हणायची, "झाले हात." किटलीला बुडाशी भोक होतं. पाणी घातलं की थोडं कठड्यावर यायचं आणि तिथून भिंतीवर ओघळ उतरायचा. अकरा वर्षं मिस्त्री म्हणत होते, "आण इकडे, दोन मिनिटांत बुजवतो." आणि अकरा वर्षं ती म्हणत होती, "राहू द्या. आहे तशी बरी आहे."

ती गेल्यावर एक दिवस तो ओघळ बघून मिस्त्रींना वाटलं, तिचं एवढं एक काम आपल्याकडून राहून गेलं. त्यांनी मळून लावायचं सील आणलं, किटली आडवी धरली, भोक अंगठ्याने दाबून बुजवलं आणि वाळल्यावर कानशीने घासून गुळगुळीत केलं. काम असं झालं की शोधूनही जागा सापडू नये. मग रोज सकाळी स्वतःचा चहा झाला की झाडाला पेलाभर पाणी. थेंब बाहेर येत नव्हता. मिस्त्री कोरड्या कठड्यावरून हात फिरवायचे आणि त्यांना बरं वाटायचं.

दीड महिन्यात झाड बुंध्यापासून काळं पडायला लागलं. मिस्त्रींना वाटलं, पाणी कमी पडतंय. त्यांनी दुसरा पेला सुरू केला.

शनिवारी मुलीचा फोन आला. ती दुसऱ्या शहरात नोकरीला.

"बाबा, मी पुढच्या रविवारी येतेय. आईच्या वस्तूंतलं मला काही नको, तुम्ही उगाच कपाट काढून बसू नका. फक्त ते लिंबाच्या वासाचं झाड आहे ना, त्यातलं थोडं न्यायचंय. बरं आहे ना ते?"

मिस्त्रींनी खिडकीकडे बघितलं. किटलीत चिखल होता आणि चिखलात एक काळी काडी उभी होती.

"झकास आहे," मिस्त्री म्हणाले.

ज्या माणसाने जन्मात कधी जुना वॉशर नवा म्हणून बसवला नाही, त्याच्या तोंडून हे कसं निघालं ते त्याचं त्यालाच कळलं नाही. फोन ठेवला आणि मिस्त्री बराच वेळ त्या काडीसमोर उभे राहिले. आईच्या सगळ्या घरातून पोरीने एकच गोष्ट मागितली होती, आणि ती आपण बुडवून मारली. हातात आठ दिवस होते.

रविवारी ते पुलाखालच्या रोपवाल्याकडे गेले. त्याने काळी काडी नाकाशी धरली आणि परत दिली. "हे विकायला नसतं कुणाकडे. कुणाच्या तरी खिडकीत मिळेल. फिरा जरा."

फिरा म्हणे. बायको रोज संध्याकाळी फिरायची. "जरा पाय मोकळे करून येते," म्हणून पिशवी घेऊन निघायची ती तासाभराने यायची. मिस्त्री कधी बरोबर गेले नाहीत. या भागात बघायला होतं काय? एका बाजूला रेल्वेचं यार्ड, दुसऱ्या बाजूला काळा नाला, मधे पत्र्याचे कारखाने, टायरची दुकानं, भंगाराची कुंपणं. मिस्त्रींना हा भाग पाठ होता, पण खालून. कुठल्या गल्लीत किती इंचाची लाइन आहे, कुठे जोड कच्चा आहे, हे ते झोपेतही सांगतील. मान वर करून बघायची वेळ कधी आली नव्हती.

सोमवारी त्यांनी मान वर केली.

पहिली बाग सापडली ती पंक्चरवाल्याकडे. दुकान म्हणजे चार पत्रे आणि एक हवेचा पंप. पण बाजूला टायर एकावर एक असे पाच-पाच रचून माती भरलेली, आणि त्यातून भोपळ्याचा वेल निघून दुकानाच्या छपरावर पसरलेला. भोपळे लोंबत होते, आणि वजनाने देठ तुटू नये म्हणून प्रत्येक भोपळ्याला सायकलच्या जुन्या ट्यूबची झोळी बांधलेली. मिस्त्री खाली उभे राहून बघतच राहिले. झोळीचा प्रत्येक जोड नीट होता. कारागिराचा हात कारागिराला कळतो.

"काका, हवा भरायचीय?" पंक्चरवाला म्हणाला.

"मला कुठे हवा भरता? गाडी कुठाय माझ्याकडे." मिस्त्रींचं लक्ष दुकानाच्या कोपऱ्याकडे गेलं होतं. तिथे ट्रकच्या फुटक्या दिव्याच्या वाटीत कुरळ्या पानांचं झाड होतं. "त्याचा वास बघू?"

"बघा की. वासाला कोण नाही म्हणतं."

मिस्त्रींनी पान चुरडलं आणि क्षणभर स्वयंपाकघरात उभं असल्यासारखं झालं. ते म्हणाले, "यातली एक फांदी द्याल?"

"नाही," पंक्चरवाला म्हणाला. रागाने नाही, अगदी हसतमुखाने. मग त्याने पाठ फिरवली आणि एका सायकलच्या चाकात हवा भरायला लागला. चाक आधीच दगडासारखं टणक होतं. तो शीळ घालत होता, पंप मारत होता, पण मान काही वळवत नव्हता. मिस्त्री पाच मिनिटं उभे राहिले. एवढा अपमान त्यांचा कुणी थकलेल्या बिलासाठी गेल्यावरही केला नव्हता. ते निघाले, तर मागून आवाज आला, "निघालात? रिकाम्या हातांनी?"

वर आणखी विचारतो, मिस्त्री मनात म्हणाले.

मंगळवारी पायच दुखले. बुधवारी नाल्याकाठच्या गल्लीत बस ड्रायव्हर भेटले. निवृत्त होऊन बारा वर्षं झालेले, पण अंगात खाकी शर्ट. घरासमोर मोडीत निघालेल्या बसची चार बाकं मांडलेली आणि बाकांवर माणसांऐवजी झाडं बसलेली. खिडकीकडेला नाजूक, वाटेच्या बाजूला दणकट. वर दांडा होता, त्याच्या कड्यांतून लोंबत्या कुंड्या. "ते उभे प्रवासी," ड्रायव्हर म्हणाले. पुढे स्टिअरिंग होतं आणि त्यामागे एका डब्यात निवडुंग.

"हा कोण?" मिस्त्रींनी विचारलं.

"मी," ड्रायव्हर म्हणाले. "बायको म्हणते जवळ आलं की टोचतो."

मिस्त्रींना हसू आलं. सात महिन्यांत पहिलंच असावं, कारण ते जरा अडकत अडकत आलं, बरेच दिवस बंद असलेल्या नळाला आधी हवा येते तसं. तिसऱ्या बाकावर लिंबाच्या वासाचं झाड बसलं होतं. मिस्त्रींनी त्यातली एक फांदी मागितली.

"नाही," ड्रायव्हर म्हणाले, चष्मा काढला, पाठ वळवली आणि शर्टाच्या टोकाने काचा पुसायला लागले. पुसल्या. उजेडात धरल्या. पुन्हा पुसल्या. मिस्त्री हात मागे बांधून उभे.

शेवटी ड्रायव्हर चष्मा न लावताच म्हणाले, "तुम्ही सरळ माणूस दिसता."

"आहेच मी सरळ."

"वाईट झालं," ड्रायव्हर म्हणाले.

त्या दिवशी घरी येऊन मिस्त्रींनी ठरवलं, आता पोरीला फोन करून खरं काय ते सांगून टाकू. फोन हातात घेतला. "बाबा, झकास आहे ना?" असं तिने पुन्हा विचारलं तर? फोन खाली ठेवला. उद्याचा दिवस बघू म्हणाले.

गुरुवारी यार्डाच्या भिंतीलगत जाताना एका बंद गोदामाचा लोखंडी जिना दिसला. जिना वर कुठेच जात नव्हता, वरचं दार विटांनी चिणलेलं. पण पायरी न् पायरी हिरवी होती. कपडे धुण्याच्या मशीनचा ड्रम, शिवणयंत्राचे खण, चाळण, डबे, सगळ्यांत काही ना काही उगवलेलं. शेंगांचे वेल चढवायला दोऱ्यांऐवजी मोजायच्या जुन्या टेपा बांधलेल्या. जिन्याशी कपड्यांच्या दुकानातला बिनडोक्याचा पुतळा उभा होता. त्याच्या मानेतून वेल फुटून दोन्ही खांद्यांवरून असा खाली आला होता की पोशाख शिवून घातल्यासारखा वाटावा.

जिन्याखालीच एका टेलरबाईंचं दुकान होतं. बाई पन्नाशीच्या, ओठांत टाचण्या. एका टेपेकडे बघून त्या टाचण्यांच्या फटीतून म्हणाल्या, "साडेएकतीस. काल तीस होता. वाढतंय पोरगं."

सातव्या पायरीवर ते झाड होतं. कमरेएवढं, दाट. मिस्त्रींनी टोपी काढली. "बाई, तुमच्या त्या झाडाची एक फांदी मला द्याल का? बोटभर चालेल."

"नाही," टेलरबाई म्हणाल्या आणि पाठ फिरवून कापडाच्या घड्या घालायला लागल्या. घातलेल्याच घड्या मोडून परत घालत होत्या.

मिस्त्रींचा बांध फुटला. "बाई, माझं काय चुकतंय ते तरी सांगा. तीन दिवस झाले. त्या पंक्चरवाल्याने पाठ फिरवली, ड्रायव्हरसाहेबांनी पाठ फिरवली, आता तुम्ही. माझ्या तोंडाला काही लागलंय का?"

टेलरबाई वळल्या. "तो पंप मारत होता तो तुमच्यासाठी? अहो, ट्यूब फुटली त्याची. गल्लीभर सांगत सुटलाय, एक काका आले आणि हलेचनात." मग त्यांनी मिस्त्रींकडे नीट बघितलं. "तुम्ही इथले नाही?"

"इथलाच. ती लाल इमारत, तिसरा मजला. खिडकीत किटली दिसते बघा."

"किटली?" बाईंचे हात थांबले. "तुम्ही नखवालीचे मिस्टर?"

"कोण नखवाली?"

बाईंनी उजव्या हाताचा अंगठा वर केला आणि पहिल्या बोटाशी चिमटा केला. टक्. मिस्त्रींना ते नख डोळ्यांसमोर दिसलं. बायकोचं एकच नख वाढवलेलं असायचं, उजव्या अंगठ्याचं, आणि त्याची कड कायम हिरवी. ते म्हणायचे, भाजी निवडून हात नीट धूत नाहीस. ती म्हणायची, "हो ना, राहून जातं."

"चोर होती एक नंबरची," टेलरबाई म्हणाल्या. लोक चांगल्या डॉक्टरबद्दल ज्या आवाजात बोलतात, त्या आवाजात म्हणाल्या. "बोलता बोलता उचलायची. पिशवीत ओला रुमाल तयार. कुठे असते हल्ली? आम्हाला वाटलं, घर बदललंत."

"गेली ती," मिस्त्री म्हणाले. "सात महिने झाले."

टेलरबाईंनी ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि उशीला टोचल्या. सगळ्या संपल्यावर स्टूल पुढे ओढलं. "बसा."

मिस्त्री बसले. यार्डात डबे जोडल्याचा धडाधड आवाज झाला आणि गेला.

"इकडे कुणी झाड मागत नाही," बाई म्हणाल्या. "मागून नेलेलं जगत नाही, असं म्हणतात. खरं-खोटं मला नाही माहीत. पण मागितलं की देणाऱ्याला वाटतं आपण उपकार केले, आणि घेणाऱ्याच्या डोक्यावर ते बसतं. चोरलं की कुणाचं कुणाला काही नाही. म्हणून कुणी बघत उभं राहिलं की आपण पाठ फिरवायची. ज्याला घ्यायचं त्याने घ्यायचं. तुम्ही तोंड उघडून मागितलंत, मग आम्ही काय करणार? नाहीच म्हणणार."

"पण मी जन्मात कधी चोरी केली नाही हो."

"ते दिसतंय," बाई म्हणाल्या. "तुमच्या घरात दोघांची चोरी एकटी तीच करत होती." त्या उठल्या, पाठमोऱ्या झाल्या आणि भिंतीवरच्या गिऱ्हाइकांच्या मोठ्या आरशासमोर उभ्या राहिल्या. "आरशात मला सगळं दिसतं. पण मी बघत नाहीये."

पडत्या फळाची आज्ञा. मिस्त्री सातव्या पायरीपर्यंत चढले. नख त्यांना नव्हतंच, चाळीस वर्षांच्या पान्याने सगळी बोथट केलेली. खिसे चाचपले तर करवतीचं तुटकं पातं सापडलं, पाइप कापायचं. त्यांनी एक फांदी धरली आणि पातं चालवलं. खर्र, खर्र. लोखंडी जिना सगळा घुमायला लागला. टेलरबाई खोकल्या. खर्र, खर्र. बाई आणखी मोठ्याने खोकल्या. समोरच्या कारखान्यातून कुणीतरी ओरडून विचारलं, "बाई, जिना कापताय का?"

"पाठमोरी किती वेळ उभी करता?" बाई आरशाला म्हणाल्या. "तुमची बायको एवढ्यात तीन गल्ल्या करून आली असती."

फांदी एकदाची सुटली. मिस्त्री ती कोटाच्या आत घालून खाली उतरले. बाहेर निदान हातभर दिसत होती, आणि लिंबाचा वास सगळ्या गल्लीला कळत होता. चोराच्या मनात चांदणं, तसं झालं त्यांचं. कुणाकडे बघवेना.

"आता मी वळू?" बाई वळल्या, बघितलं, आणि कपाळावर हात मारला. "तुम्ही बोटभर म्हणाला होतात, झाडच नेलंत. असू द्या. वाटण्या केल्या तर तीन रोपं होतील. आणि आभार मानायचे नाहीत."

मिस्त्रींनी उघडलेलं तोंड मिटलं. मग हळूच विचारलं, "हे झाड तुमच्याकडे कुठून आलं?"

"ड्रायव्हरच्या बाकावरून उचललं मी. त्याने पंक्चरवाल्याकडून. पंक्चरवाला म्हणतो, तुमच्या बायकोच्या पिशवीतून पडलं. आणि ती म्हणायची, मीच आधी याच जिन्यावरून नेलं होतं. भांडायचो आम्ही त्याच्यावरून. झाड एकच हो. नुसतं फिरतंय." बाईंनी सुईत दोरा ओवला. "लावणार कशात? त्या किटलीतच ना? तिच्या भोकात तेवढी एक खापरी ठेवा, माती वाहून जात नाही."

मिस्त्री स्वतःच्या अंगठ्याकडे बघायला लागले.

"काय झालं?"

"भोक मी बुजवलं," मिस्त्री म्हणाले. "गळत होती."

टेलरबाईंनी सुई खाली ठेवली. चेहरा सरळ ठेवायचा त्यांनी फार प्रयत्न केला. मग हसल्या त्या अशा की शेजारी पुतळ्यावरची पानं हलली. मिस्त्री आधी ओशाळले, मग त्यांनाही आवरेना. "काम मात्र पक्कं झालंय हो," ते म्हणाले. "थेंब येत नाही." बाईंनी हातानेच पुरे म्हणून सांगितलं.

घरी येऊन मिस्त्रींनी चिखल काढला, किटली धुतली आणि पालथी घातली. आपलंच सील त्यांना फोडता येईना, इतकं बेमालूम. शेवटी ड्रिल लावलं आणि बुडाला तीन भोकं पाडली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी ठरवून गळती केली. दोन काड्या किटलीत लावल्या. तिसरी, पितळेच्या एका जुन्या जाड टी-जोडात माती भरून, किटलीच्या शेजारी. खाली भोक ठेवायला विसरले नाहीत. थोडं पाणी घातलं. कठड्यावरून ओघळ निघाला, भिंतीवरच्या जुन्या खुणेवरून बरोब्बर खाली गेला. मिस्त्रींनी फडकं उचललं, आणि परत ठेवून दिलं.

रविवारी मुलगी आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी खिडकीशी गेली.

"बाबा, हे एवढंसं कसं झालं?"

मिस्त्रींनी रात्रीपासून तीन-चार उत्तरं तयार केली होती. त्यातलं एकही वापरलं नाही. "तुला खोटं सांगितलं मी," ते म्हणाले. "आईचं झाड मेलं. मी मारलं." आणि मग सील, पेला, दुसरा पेला, पंक्चरवाला, आरसा, सगळं सांगितलं. मुलगी ऐकत होती. भोक बुजवल्याचं आलं तेव्हा तिने दोन्ही हात तोंडावर घेतले. हसतेय की रडतेय ते मिस्त्रींना कळेना. बहुतेक तिलाही कळत नव्हतं.

"अकरा वर्षं तुमच्यापासून वाचवलं होतं तिने ते," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"आणि हे आईचं नाही."

"आईचंच आहे," मिस्त्री म्हणाले. "जरा फिरून आलंय."

मुलीने एक पान चुरडलं, बोटं नाकाशी धरली आणि तशीच उभी राहिली. मग नाक ओढून म्हणाली, "बरं. मग यातलं थोडं देता मला?"

"नाही," मिस्त्री म्हणाले.

मुलीने चमकून बघितलं. पण मिस्त्रींनी तोवर पाठ फिरवली होती. खिशातून पाना काढून ते मोरीतल्या नळाशी गेले. नळ गळत नव्हता. त्यांच्या घरातला नळ कधीच गळला नव्हता. त्यांनी तो सैल केला, पुन्हा आवळला, पुन्हा सैल केला आणि शीळ घालायला लागले. शीळ त्यांना धड येत नव्हती.

मागे बराच वेळ काही हालचाल नाही. मग पिशवीची चेन उघडल्याचा आवाज. मग पुन्हा शांतता. मिस्त्रींनी नळ चौथ्यांदा आवळला.

टक्, असा बारीक आवाज आला. अगदी नखाचा.

"आवळून झाला का नळ?" मुलीने विचारलं.

"होतोय," मिस्त्री म्हणाले, आणि तिला पिशवी नीट बंद करता यावी म्हणून आणखी थोडा वेळ तसेच पाठमोरे उभे राहिले.